इलाइट चौराह्यावरचा जावई

मराठी माणूस झाशीला जातो तो किल्ला बघायला. मी गेलो बँकेत खातं उघडायला, आणि तेही स्वतःचं नव्हे. भाची तिथल्या गवत आणि चारा संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ आहे. ही संस्था 1962 साली निघाली. देशभरातल्या गुरांच्या वैरणीची काळजी झाशीत बसून वाहिली जाते, हे भाची तिथे लागेपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं. तिनं लग्न केलं जर्मन माणसाशी, आणि आमचे हे भाचेजावई आपलं बिऱ्हाड आवरून बायकोच्या नोकरीच्या गावी राहायला आले. मग भाचीचा फोन आला. "मामा, तुमची सगळी नोकरी बँकेच्या काउंटरमागे गेली. आता जरा काउंटरच्या पुढे उभे राहायला या." निवृत्त माणसाला एवढं आमंत्रण पुरतं.

पुण्याहून झेलम एक्सप्रेसनं निघालं की दुसऱ्या दिवशी दुपारी झाशी येते. डिसेंबरात धुक्यामुळे गाड्यांचा भरवसा नसतो, तेव्हा दुपारची संध्याकाळ झाली याचं कुणालाच काही वाटलं नाही. स्टेशनाचं नाव आता वीरांगना लक्ष्मीबाई झालं आहे. ई-रिक्षावाले मात्र अजून 'टेसन'च म्हणतात. स्टेशनकडून चित्रा चौराहा ओलांडून पुढे आलं की इलाइट. इलाइट सिनेमावरून पडलेलं हे नाव. गावात कुठलाही पत्ता सांगताना आधी 'इलाइट से' म्हणायचं आणि मग डावं-उजवं सुरू करायचं. पुण्यात मंडईचं जे स्थान, तेच इथे या चौकाचं. मोबाईलची दुकानं, एटीएम, कपड्यांचे सेल, मिठाईवाले आणि थंडीत गजक-शेंगदाण्यांचे ठेले, सगळं एका नजरेत मावतं. कानात मात्र मावत नाही. प्रत्येक गल्ल्याशेजारी एक डबडं ठेवलेलं असतं आणि ते दर मिनिटाला खणखणीत हिंदीत सांगत असतं, अमुक रुपये प्राप्त हुए. चहाचे पंधरा, मोज्यांचे साठ, गजकचे एकशेवीस. चौकात उभं राहिलं की गावाची रोजकीर्द कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवतंय असं वाटतं.

जावईबापूंची पंचाईत नेमकी इथेच होती. हा माणूस खिशात रोख बाळगणाऱ्या देशातून आलेला. जर्मनीत बेकरीत पाव घेताना लोक अजून नाणी मोजून देतात. आपण भारतात चाललो आहोत, म्हणजे रोख तर चालेलच, अशी त्यांची समजूत. ती चूक नव्हती, फक्त जुनी झाली होती. ते जर्मन कार्ड एटीएममध्ये घालत आणि पाचशेच्या नोटांची गड्डी घेऊन बाहेर पडत. मग त्यातली एक नोट शेंगदाणेवाल्यापुढे धरत. शेंगदाणेवाला नोटेकडे बघे, जावयाकडे बघे आणि म्हणे, "छुट्टा नईं है भैया, स्कैन कर दो।" स्कॅन करायला भारतीय खातं हवं. मी पोचलो त्याच संध्याकाळी हा प्रसंग डोळ्यांदेखत झाला. कागदाच्या पुडीत गरम शेंगा, वर काळ्या मिठाची हिरवट चटणी, आणि किंमत तीस रुपये. शेवटी जावईबापूंनी ठेल्यावरच्या क्यूआरचा फोटो काढला आणि संस्थेत अजून कामात असलेल्या बायकोला पाठवला. तिनं तिकडून पैसे भरले. इकडे डबडं बोललं, "तीस रुपये प्राप्त हुए." शेंगदाणेवाला हसून मला म्हणाला, "हओ, रोज को एई काम है इनको।" मी खिशातून फोन काढत होतो, पण जावयानं मला दटावलं. मामानं पैसे द्यायचे नाहीत, हे मराठीतलं त्याचं सगळ्यात पाठ झालेलं वाक्य.

घरी गेल्यावर मी त्यांच्या कार्डाचा हिशेब मागितला. बँकवाल्याची खोड जात नाही. एटीएममधून पैसे काढताना यंत्र एक प्रश्न विचारतं: रक्कम युरोत वळवून दाखवू का? तिथला 'हो'चा चौकोन ठळक असतो, 'नाही' कुठेतरी कोपऱ्यात. जावईबापू भल्या माणसासारखे दर वेळी 'हो' दाबत होते. 'हो' म्हटलं की दर ठरवतो यंत्राचा मालक, आणि त्यात त्याचा वाटा धरलेला असतो. 'नाही' म्हटलं तर हिशेब रुपयांतच होतो आणि बदल कार्डाच्या जाळ्याच्या दरानं होतो. तो बहुधा बराच बरा पडतो. मी त्यांना म्हटलं, "यालाच आमच्याकडे बट्टा म्हणत." मग बट्टा म्हणजे काय ते सांगणं आलं.

ते सांगायला झाशीइतकं योग्य गाव नाही. मराठ्यांच्या अमलात इथे टांकसाळ होती आणि नाण्यांवर झाशीचं नाव बलवंतनगर असं पडे. रुपया मराठ्यांचा, नाव मात्र दिल्लीच्या शाह आलम बादशहाचं. अशा टांकसाळी गावोगाव होत्या. दर गावचा रुपया वेगळ्या वजनाचा आणि वेगळ्या कसाचा, त्यामुळे वाटसरूला प्रत्येक मुक्कामी सराफापुढे थैली उघडावी लागे. सराफ नाणं वाजवून बघे, कस लावून बघे आणि बट्टा कापून स्थानिक नाणं हातावर ठेवी. कंपनीनं 1835 साली सगळ्या मुलखासाठी एकसारखा रुपया काढला, तरी संस्थानांचे रुपये लगेच कुठे गेले नाहीत. इलाइट चौराह्यावरच्या एटीएममधला तो ठळक चौकोन म्हणजे त्या सराफाचाच वंशज, फक्त नाणं वाजवण्याची तसदी न घेणारा.

या गावात पैशापायी हाल सोसलेला पहिला पाहुणा आमचा जावई नव्हे, ही गोष्ट मला त्या रात्री त्यांना सांगावीशी वाटली. पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली चुलत्यांबरोबर उत्तरेकडे निघाले. घरावर कर्ज होतं. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, अशी बातमी होती. वाटेत बंडाचा वणवा पेटला आणि हे भिक्षुक फिरत-फिरत झाशीत येऊन पोचले. 1858 च्या वेढ्यात अडकले, शहर पडताना लुटले गेले. जे मिळवलं ते गेलं, पुन्हा मिळवलं, तेही पुरतं राहिलं नाही. घरी परतले ते गंगेचं पाणी घेऊन. त्यांचं 'माझा प्रवास' 1907 साली छापून निघालं. लोक ते राणीसाठी वाचतात. मी ते दर वेळी बँकवाल्याच्या डोळ्यांनी वाचतो आणि माझा जीव त्यांच्या कमरेच्या कशात अडकतो. त्या काळी रोकड न नेता पैसे धाडायची सोय होती. हुंडी होती, काशीपासून पुण्यापर्यंत पेढ्या होत्या. पण शाहजोग हुंडीचे पैसे पेढी कुणाच्याही हातावर ठेवत नसे. घेणारा बाजारात माहीतगार आणि पतदार लागे, नाहीतर त्याच्यासाठी तसं कुणी उभं राहावं लागे. परमुलखात आलेल्या फिरस्त्या भटजीला ओळख देणार कोण?

जावईबापू शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "मामा, म्हणजे उद्या बँकेत तुम्ही माझे पतदार?"

उद्या बँकेत काय होणार आहे ते मला अंदाजानं माहीत होतं. बँकेचं नाव सांगत नाही, कारण सांगण्यासारखा तिचा काही अपराधही नाही. शाखेत गर्दी पेन्शनवाल्यांची आणि पासबुक छापून घेणाऱ्यांची. खातं उघडायच्या टेबलाशी एक तरुण अधिकारी मुलगी होती, बोलण्यावरून बुंदेलखंडातलीच. तिनं पासपोर्ट घेतला आणि सवयीनं थेट शेवटचं पान उघडलं. आपल्या पासपोर्टावर तिथे पत्ता असतो. जर्मन पासपोर्टावर तिथे काहीच नव्हतं. तिनं सगळी पानं चाळली. एका पानावर राहण्याच्या शहराचं नाव, उंची आणि डोळ्यांचा रंग एवढं सापडलं. गल्ली नाही, घरनंबर नाही, पिनकोड नाही.

"सर, इसमें एड्रेस कहाँ है?"

"इनके यहाँ पासपोर्ट में पूरा पता नहीं होता," मी म्हटलं.

"तो आँखों का रंग क्यों लिखा है?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. जावयाकडेही नव्हतं. तिनं एकदा त्यांच्या डोळ्यांकडे बघून घेतलं, बहुधा पडताळणी म्हणून.

पत्त्याचं काम परदेशी नागरिक म्हणून केलेल्या नोंदणीच्या कागदानं भागलं. सहा महिन्यांहून लांब मुदतीच्या व्हिसावर येणाऱ्याला आल्यापासून 14 दिवसांत ही नोंदणी करावी लागते. आता ती ऑनलाइन होते, आणि जिल्ह्याच्या गावी हे खातं पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयाकडे असतं. 1 सप्टेंबर 2025 पासून परदेशी नागरिकांसाठी नवा एकत्रित कायदा लागू झाला आणि 1920 पासूनचे चार जुने कायदे त्यात विरले. नोंदणीचा कागद मात्र तितकाच मोलाचा राहिला. भाचीनं ते काम वेळेवर करून ठेवलं होतं. मोबाईलचं सिमही तिच्याच नंबरचा संदर्भ देऊन मिळालं होतं. या देशात नवख्या माणसाची कुंडली कुणाच्या तरी मोबाईल नंबरापासून मांडायला घेतात.

खरा घोळ नावाचा. जावयांच्या आडनावात एक यू आहे आणि त्या यूच्या डोक्यावर दोन टिंबं आहेत. पासपोर्टाच्या वरच्या भागात ती टिंबं आहेत. खाली यंत्रानं वाचायच्या ज्या दोन ओळी असतात तिथे टिंबं चालत नाहीत, म्हणून तिथे यूच्या पुढे ई घातलेला. पॅनकार्डावर टिंबंही नाहीत आणि ईसुद्धा नाही. माणूस एक, स्पेलिंगं तीन. अधिकारी मुलीच्या संगणकाला तिन्ही वेगळी माणसं दिसत होती, आणि मला तिची बाजू पटत होती. मी तिच्या जागी असतो तर मीही फाइल पुढे ढकलली नसती. पुढे कधी तपासणी आली तर सही कुणाची, हे ती बघणार, तिचा वरिष्ठ बघणार. बाहेरच्या माणसाला हा आडमुठेपणा वाटतो. आतल्या माणसाला ती पगारवाढ असते.

म्हणून आम्ही कचेरीकडे गेलो. झाडाखाली पत्र्याच्या शेडमध्ये नोटरी आणि टायपिस्ट बसलेले. टायपिस्टनं पासपोर्ट आणि पॅन शेजारी-शेजारी ठेवले, दोन मिनिटं न्याहाळले आणि निकाल दिला, "कोई बात नईं, उर्फ लगा देते हैं।" मग स्टॅम्पपेपरवर जर्मन माणसाचं नाव उमटलं: अमुक उर्फ अमुक उर्फ अमुक, आणि तिन्ही व्यक्ती एकच असल्याचं शपथेवर निवेदन. जावयाला उर्फचा अर्थ सांगितला तेव्हा त्यांनी विचारलं, हे चोरांच्या नावापुढे लावतात तेच ना? हिंदी सिनेमे त्यांनी बरेच पाहिलेत. नोटरीनं शिक्का मारला, लाल सही केली आणि फी मागितली. टेबलाच्या कडेला क्यूआर चिकटवलेला होता. मी या वेळी जावयाचं काही ऐकलं नाही.

दुसऱ्या खेपेला प्रश्न आला रहिवासाचा. इथे मात्र माझी आणि त्या मुलीची खरी जुगलबंदी झाली. आयकराचा कायदा माणूस भारतात किती दिवस राहिला ते मोजतो. परकीय चलनाचा कायदा, म्हणजे फेमा, दिवस तर बघतोच, शिवाय माणूस कशासाठी आला आहे तेही बघतो. नोकरीधंद्यासाठी का, की अनिश्चित काळ राहण्याच्या इराद्यानं? जावई तर बायकोबरोबर संसार करायला आलेले. इराद्यात खोट नाही, पण आदल्या आर्थिक वर्षातल्या 182 दिवसांचा हिशेब भरत नव्हता. तिनं वरच्या कार्यालयात फोन लावला. वरच्या कार्यालयानं त्याच्या वरच्या कार्यालयाला विचारलं. माझ्या वेळीही असंच असे, फक्त तेव्हा ट्रंककॉल बुक करावा लागे. अखेर ठरलं ते अनिवासी माणसाचं, म्हणजे एनआरओ खातं. मी आढेवेढे घेतले नाहीत. एनआरओ खात्याच्या व्याजावर 30 टक्के कर आणि वर उपकर कापूनच पैसे जमा होतात. देशी बचत खात्यावर असं होत नाही. म्हणून जवळ थोडीच शिल्लक ठेवायची, रोजचा खर्च चालवायचा, आणि रहिवासी झाल्यावर खात्याचा दर्जा बदलून घ्यायचा. तशी तरतूद आहे. यासाठी भांडून महिना घालवणारे लोक मी पाहिलेत. शेवटी त्यांचं खातं एनआरओच होतं, फक्त महिनाभर उशिरा.

मग जर्मनीहून पैसे मागवायचे. जर्मन बँकेला हवा आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खातेक्रमांक. भारतात तो नाही. इथे 11 अक्षरांचा आयएफएससी: पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवं शून्य, उरलेली सहा शाखेची. शिवाय परदेशी पैशाला बँकेचा स्विफ्ट कोड लागतो आणि पैसा कशासाठी येतोय त्याचा पर्पज कोड. जावईबापूंनी एका रात्री हे सगळं आपल्या वहीत रकाने आखून लिहिलं. सोबत करासाठीचं जाहीरपत्र: तुम्ही आणखी कुठल्या देशात कर भरता, तिथला क्रमांक काय. जर्मन करक्रमांकही 11 आकडीच. हा योगायोग त्यांना फार आवडला. मला वहीची आखणी आवडली. असा खातेदार माझ्या शाखेत असता तर मी त्याला चहा पाजला असता.

खातं उघडलं म्हणजे फोनवरून पैसे देता येतात असं नाही. यूपीआयचा पिन पहिल्यांदा लावायचा तर आधारवरून ओटीपी हवा किंवा खात्याचं डेबिट कार्ड. आधार परदेशी नागरिकाला मिळतं, पण अर्जाआधीच्या बारा महिन्यांत 182 दिवस भारतात राहिल्यावर, आणि तेही व्हिसाच्या मुदतीपुरतं. म्हणजे आता डेबिट कार्डाची वाट. आपण बसल्या जागी जे करतो ते किती पायऱ्यांवर उभं आहे हे मला इतकी वर्षं बँकेत राहूनही असं उभ्या उभ्या दिसलं नव्हतं. यूपीआय 2016 साली सुरू झालं, त्याच वर्षी नोव्हेंबरात जुन्या नोटा बंद झाल्या, आणि आपण सगळे हळूहळू या जिन्यावर चढत गेलो. ज्यांच्याकडे आधार होतं, तोच नंबर होता, तेच खातं होतं, त्यांना जिना जाणवलाच नाही. परदेशी पाहुण्यासाठी 'यूपीआय वन वर्ल्ड' नावाचं वॉलेट 2023 साली जी-20च्या निमित्तानं विमानतळांवर सुरू झालं खरं, पण ते फिरायला येणाऱ्याच्या सोयीचं. बिऱ्हाड करणाऱ्याला बिऱ्हाडाचंच खातं हवं.

मधल्या दिवसांवर भाचीनं तोड काढली. 2024 च्या ऑगस्टमध्ये आलेलं 'यूपीआय सर्कल'. आपल्या खात्यातून घरातल्या दुसऱ्या माणसाला त्याच्या फोनवरून खर्च करू द्यायचा. पुरती मुभा दिली तर एका वेळी जास्तीत जास्त 5,000 आणि महिन्याला 15,000 रुपये. नाहीतर प्रत्येक खर्चाला मालकाची मंजुरी. भाचीनं पुरती मुभा दिली, पण दर खर्चाची सूचना तिच्या फोनवर येतेच. त्यामुळे दुपारी जावई चौराह्यावर समोसा खाऊन आले की संध्याकाळी घरी त्याची चौकशी होई. बायकोच्या खात्यावर जगणाऱ्या जावयाचा आमच्या पिढीत अपमान झाला असता. हे मजेत होते. शेंगदाणेवाल्यापुढे त्यांनी पहिल्यांदा स्वतः फोन धरला, डबडं बोललं, आणि शेंगदाणेवाल्यानं मूठभर शेंगा वर घातल्या. त्या डबड्यानं मोजल्या नाहीत.

मी अधूनमधून गाव पाहून घेतलं. गणेश मंदिरात गेलो. झाशीचे राजे गंगाधरराव आणि राणी लक्ष्मीबाईंचं लग्न 1842 साली इथेच लागलं. दानपेटीत जावयांनी पाचशेची नोट टाकली. सुट्ट्याची कटकट नसलेली झाशीतली एकमेव जागा, असं त्यांचं मत पडलं. लक्ष्मीतालाकाठची गंगाधररावांची छत्री बघितली. किल्ला बघितला तो शेवटच्या दिवशी आणि घाईघाईनं. त्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत.

कार्ड आलं ते माझ्या परतीच्या गाडीच्या आदल्या दिवशी, स्पीड पोस्टनं. दारात पोस्टमन, हातात बँकेचं पाकीट. त्यानं नाव वाचायचा प्रयत्न केला, यूपाशी अडखळला आणि म्हणाला, "आधार दिखाइए।"

जावईबापूंनी पासपोर्ट, नोंदणीचा कागद आणि कचेरीतलं ते तीन उर्फवालं शपथपत्र असं सगळं एका फाइलमध्ये तयार ठेवलं होतं. त्यांनी फाइल उघडून पुढे केली. पोस्टमननं पासपोर्ट पाहिला, शपथपत्र सावकाश वाचलं आणि पाकिटावरचं नाव त्यातल्या तिसऱ्या उर्फाशी जुळवलं. सही घेतली. मग जाता-जाता त्यानं मला हळूच विचारलं, "जे आदमी करते का हैं?"

"संस्था में घास वाली मैडम हैं न, उनके पति हैं।"

"अच्छा अच्छा, घास वाली मैडम के!" तो म्हणाला. "पैले बताना था। तो फिर आधार की का जरूरत थी?"

जावई तोवर टेबलाशी बसून कार्डाचे शेवटचे सहा आकडे फोनमध्ये भरत होते. पिन लागला. नव्या नोंदणीनंतर पहिले चोवीस तास 5,000 च्या वर पैसे देता येत नाहीत, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.